प्रोजेक्टर बिघडला नव्हता : आमच्या मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र

मंडळाच्या कार्यकारिणीतल्या आणि मराठी शाळेच्या समितीतल्या सगळ्या दादा, ताई, काका आणि काकूंना नमस्कार.

मराठी शाळेच्या मोठ्या मुलांच्या वर्गात 'द सिम्पसन्स' या कार्टूनचा एक एपिसोड दाखवायचा आणि मग त्यावर तासभर मराठीत चर्चा करायची असं ठरलं होतं, तुमच्यापैकी दोघांनी ईमेलवर हो म्हटलं होतं, आणि आदल्या रात्री तुम्ही ते रद्द केलंत. रद्द करायचा अधिकार तुम्हाला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पालकांच्या ग्रुपवर काय लिहिलंत तर प्रोजेक्टर बिघडलाय, आणि मला फोनवर सांगितलंत की काही पालकांची तक्रार आलीये, धार्मिक भावना दुखावतील म्हणून. आणि ज्या दुपारी आमचा वर्ग व्हायचा होता त्याच दुपारी त्याच हॉलमध्ये दिवाळीच्या नाटकाची तालीम होती आणि मागच्या पडद्यावर त्याच प्रोजेक्टरवरून वाड्याचा फोटो लावलेला होता, मुलांनी तो बघितला. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, ताई, प्रोजेक्टर तर चालू आहे. मला तिला काय सांगावं कळेना आणि अजूनही कळत नाहीये, म्हणून हे पत्र.

आधी ईमेल केली होती, उत्तर आलं नाही. आता उघड लिहितेय पण मंडळाचं, गावाचं किंवा कुणाचंच नाव लिहिणार नाहीये कारण मला कुणाला खाली बघायला लावायचं नाही. न्यूयॉर्क राज्यात वरच्या भागात राहणारे आपण सगळे थोडेच लोक आहोत, एकमेकांच्या घरी जेवतो, हिवाळ्यात एकमेकांची मुलं शाळेतून आणतो. पण दुसऱ्या राज्यातल्या मंडळांमध्येही असंच होतं असं तिथल्या मैत्रिणी सांगतात, म्हणून त्यांनीही वाचलं तर बरं.

आता एपिसोडमध्ये काय आहे ते सविस्तर सांगते, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी कुणी तो पाहिलेला नाही हे फोनवरच कबूल केलं गेलं, आणि कमिटीतही कुणी पाहिलेला नाही.

एपिसोडचं नाव 'लिसा द स्केप्टिक', फॉक्स चॅनलवर २३ नोव्हेंबर १९९७ ला पहिल्यांदा लागला. स्प्रिंगफील्ड गावात एका मोठ्या मॉलचं बांधकाम चालू असतं, त्या जागेवर जीवाश्म सापडलेले असतात म्हणून आठ वर्षांची लिसा भांडून भांडून तिथे शाळेच्या मुलांना खोदकाम करायची परवानगी मिळवते. खोदताना एक सांगाडा सापडतो, माणसाचा, पण त्याला पंख असतात. झालं, सगळ्या गावाला खात्री पटते की हा देवदूत आहे. लिसाचे बाबा होमर तो सांगाडा लगेच घरी आणून गॅरेजमध्ये ठेवतात आणि दर्शनाला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला लागतात. लिसाचं एवढंच म्हणणं असतं की आधी तपासून बघूया. ती हाडाचा तुकडा घेऊन शास्त्रज्ञाकडे जाते, टीव्हीवर जाऊन आपली शंका बोलून दाखवते, आणि गाव इतकं पेटतं की लोक म्युझियमसारख्या विज्ञानाच्या जागा फोडायला निघतात. त्या तोडफोडीत मो नावाचा बारवाला स्वतःच जायबंदी होतो आणि जमिनीवर पडल्या पडल्या म्हणतो की आता मेडिकल सायन्सनेच मला बरं करावं. पुढे सांगाडा गायब होतो, आळ येतो लिसावर, आणि आठ वर्षांच्या मुलीला कोर्टात उभं करतात. तेवढ्यात सांगाडा टेकडीवर सापडतो आणि त्यावर लिहिलेलं असतं की सूर्यास्ताला शेवट होणार. अख्खं गाव घाबरून टेकडीवर जमतं, सूर्य बुडतो, काहीच होत नाही, आणि मग सांगाड्यातून दणदणीत आवाज येतो की शेवट होणार आहे, महाग किमतींचा! तो सांगाडा मॉलवाल्यांनीच बनवून तिथे पुरलेला असतो, नव्या मॉलची जाहिरात म्हणून. लिसा चिडून त्यांना विचारते की लोकांची जी सगळ्यात आतली श्रद्धा आहे ती तुम्ही माल खपवायला वापरलीत? गावाकडे वळून म्हणते आपण चिडलोय ना? गाव म्हणतं हो हो फार चिडलोय, पण दुकानं बघ किती आहेत. आणि सगळे आत खरेदीला जातात.

मला सांगा यात देवदूताची टिंगल कुठे आहे? खोटं कोण बोलतं, तर मॉलवाले. पैसे कोण कमावतं, तर मॉलवाले आणि गॅरेजमध्ये तिकीट लावणारा होमर. तोडफोड कोण करतं, तर ज्यांना प्रश्न विचारलेला सहन होत नाही ते. साधी श्रद्धा असलेलं माणूस या गोष्टीत एकच आहे ज्याच्याकडे कॅमेरा नीट थांबून बघतो, आणि ती आहे लिसाची आई मार्ज. मार्ज देवदूत मानते. लेकीला म्हणते की कधीतरी न बघता विश्वास टाकता आला नाही तर मला तुझी कीव येते, आणि लेक उलट उत्तर देते की मला तुझी येते. असं भांडण आपल्या किती घरांमध्ये होतं, सोळा वर्षांची मुलगी आणि देवघरासमोर बसलेली आई, माझ्या घरात तर नक्की होतं. आणि शेवटी टेकडीवर जेव्हा तो भीतीदायक आवाज येतो तेव्हा लिसा आईचा हात गच्च धरते, आईही धरते, आणि नंतर आई अगदी प्रेमाने म्हणते की तो देवदूत बोलायला लागला तेव्हा तू माझा हात चांगलाच घट्ट धरला होतास. लिसा ते नाकारत नाही फार, आईने हात धरला म्हणून थँक्यू म्हणते. मी या जागेवर एपिसोड थांबवून मुलांना विचारणार होते की तुम्ही आणि तुमची आई कशावरून असे भांडता आणि मग पुढे काय होतं. हा प्रश्न मराठीत विचारला की मुलं मराठीत बोलतात हो, एरवी त्यांना मोर, कमळ, माझा आवडता सण यावर दहा वाक्यं लिहायला सांगितली की ती इंग्रजीतच कंटाळतात. मराठी शाळा टिकवायची असेल तर मुलांना ज्यावर भांडायचंय तो विषय मराठीत आणावा लागेल, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं आणि तुम्ही माना डोलावल्या होत्या.

आणि विज्ञानवाल्यांनाही या एपिसोडने सोडलेलं नाहीये. लिसा ज्या शास्त्रज्ञाकडे जाते तो म्हणजे स्टीफन जे गूल्ड, हार्वर्डचे खरेखुरे जीवाश्मतज्ज्ञ, त्यांनी स्वतःचा आवाज दिलाय. हे तेच गूल्ड जे १९८१ मध्ये आर्कान्सामधल्या खटल्यात शाळेत उत्क्रांतीच्या बरोबरीने बायबलमधली निर्मितीकथा विज्ञान म्हणून शिकवायच्या कायद्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले होते. कार्टूनमध्ये ते येऊन सांगतात की तपासणीतून काही निष्पन्न झालं नाही, आणि शेवटी कळतं की त्यांनी तपासणी केलीच नव्हती! एवढा मोठा माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात, खोटं बोलणारा आळशी शास्त्रज्ञ व्हायला तयार झाला. गूल्ड यांनी त्याच वर्षी म्हणजे १९९७ मध्येच एक निबंध लिहिला होता, त्यात त्यांचं म्हणणं असं की विज्ञानाचं क्षेत्र वेगळं आणि धर्माचं क्षेत्र वेगळं, जग कसं चालतं हे विज्ञानाने सांगावं आणि कसं जगावं, कशाला मोल द्यावं हे धर्माने, दोघांनी एकमेकांच्या हद्दीत घुसू नये. मला ते सगळं पटतं असं नाही, पण कार्टूनमधला न्यायाधीश जेव्हा हुकूम देतो की धर्माने विज्ञानापासून कायम ५०० यार्ड लांब राहायचं तेव्हा हसता हसता मुलांना यावर किती बोलता आलं असतं. चर्चेसाठी मी जे प्रश्न काढले होते त्यातला एक होता, गूल्ड खोटं बोलले आणि मॉलवाले खोटं बोलले, दोन्ही सारखंच आहे का? आता त्यात मला तिसरं खोटं दिसतंय आणि ते आपलं आहे, प्रोजेक्टरचं.

तुमच्यापैकी एकांनी फोनवर म्हटलं की हे अमेरिकन लोकांचं, ख्रिश्चनांचं, आपल्या मुलांना कशाला. काका, हे तर अगदी आपल्या दाराशी घडलेलं आहे. सिरॅक्यूजच्या दक्षिणेला कार्डिफ नावाचं छोटं गाव आहे, तिथे १६ ऑक्टोबर १८६९ ला न्यूएल नावाच्या शेतकऱ्याच्या कोठाराच्या मागे विहीर खोदताना मजुरांना एक दहा फुटी दगडी माणूस सापडला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात पूर्वी पृथ्वीवर राक्षसी देहाची माणसं होती असा उल्लेख आहे, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटलं की हाच पुरावा. न्यूएलने तंबू ठोकला, आधी २५ सेंट आणि दोन दिवसांत ५० सेंट तिकीट केलं. खरं काय होतं तर त्याचाच नातेवाईक जॉर्ज हल, बिंगहॅम्टनचा तंबाखूचा व्यापारी, याने आयोवामधल्या फोर्ट डॉजहून जिप्समचा मोठा ठोकळा आणवला, शिकागोमध्ये त्याचा पुतळा कोरून घेतला, जुना दिसावा म्हणून त्यावर आम्ल ओतलं, सुयांनी टोचून कातडीसारखी छिद्रं पाडली आणि एका वर्षापूर्वी गुपचूप पुरून ठेवला. हल स्वतः नास्तिक होता, एका पाद्र्याशी याच राक्षसांवरून वाद झाला म्हणून त्याला हे सुचलं असं तो सांगायचा. म्हणजे बघा, श्रद्धेचा धंदा करायला श्रद्धा असावी लागतेच असं नाही. पुढे सिरॅक्यूजच्या काही धंदेवाल्यांनी त्यात हजारो डॉलर घालून भागीदारी घेतली, सर्कसवाल्या बार्नमला तो विकत मिळाला नाही तर त्याने नक्कल बनवून न्यूयॉर्कमध्ये तीच खरी म्हणून दाखवली, येलचे जीवाश्मतज्ज्ञ ओथनिएल मार्श यांनी बघून सांगितलं की ही सरळ सरळ फसवणूक आहे, आणि डिसेंबरमध्ये हलने कबुली दिली. तरी लोक बघायला जातच राहिले. तो पुतळा आजही कूपर्सटाउनच्या फार्मर्स म्युझियममध्ये आहे, मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते, काचेवर नाक लावून बघत होती. एपिसोडमागे हीच गोष्ट आहे. शाळेची सहल तिथे न्यावी असाही माझा विचार होता, तो अजून कायम आहे.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर २१ सप्टेंबर १९९५ तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांबाहेर रांगा, दूध मिळेना, फोन लागेनात, परदेशातल्या देवळांमध्येही तेच. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की दूध पृष्ठताणाने चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली वाहतं. माझी आई त्या रांगेत होती. मी तिला मूर्ख म्हणणार नाही आणि कुणी म्हटलेलं ऐकून घेणार नाही, तिने भक्तीने चमचा धरला होता आणि दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये खुलासा वाचून तिने म्हटलं, असं होय, आणि संध्याकाळी नेहमीसारखी आरती केली. तिची श्रद्धा कुठेही तुटली नाही. मग आपण का एवढे घाबरतो की बावीस मिनिटांच्या कार्टूनने आपल्या मुलांची तुटेल?

माझा या सगळ्यात एवढा जीव का अडकलाय ते पण सांगते. माझ्या मामाला डायबेटिस होता. गावाजवळ एकजण बसायचा, अंगारा द्यायचा, त्याने सांगितलं इन्शुलीन बंद करा, सुई टोचलेल्या अंगावर कृपा उतरत नाही. मामाने बंद केलं. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि नंतर फार वर्षं तो जगला नाही. मामा दरवर्षी वारीला जाणारा माणूस, त्याच्या विठोबाने त्याला कधी औषध सोड म्हटलं नव्हतं, म्हटलं ते अंगारा विकणाऱ्याने. मी तेव्हा लहान होते, घरातले मोठे सगळे आपसात कुजबुजायचे पण त्या माणसाला तोंडावर कुणी विचारलं नाही कारण भावना दुखावतील. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांनी हे प्रश्न जाहीरपणे विचारले, अठरा वर्षं जादूटोणाविरोधी कायद्याच्या मागे लागले, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, कायदा झाला तो त्यानंतर. ते नेहमी सांगायचे की आमचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. मी अंनिसची, म्हणजे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, कार्यकर्ती वगैरे नाही, मी घरी गणपती बसवते, एकादशी करते. पण मामाचा पाय मला आठवतो.

आता माझ्या तक्रारी. एकेक लिहिते.

पहिली, तुम्ही न बघता ठरवलंत. तक्रार करणाऱ्यांनी बघितलं नव्हतं हे मी समजू शकते, पण कमिटीचं कामच ते आहे ना, की तक्रार आली की वस्तू काढून बघायची. लिंक मी परवानगी मागतानाच पाठवली होती.

दुसरी, मला बोलावलं नाहीत. तक्रार कुणाची ते मला नको, त्यांचं नाव गुप्त राहू दे, पण आक्षेप नेमका कशावर आहे एवढं तरी सांगा, कुठल्या प्रसंगावर, कुठल्या वाक्यावर. "भावना" म्हटलं की पुढे बोलणंच संपतं. समोर बसून त्या पालकांनी मला सांगितलं असतं की ताई आम्हाला हे अमुक खटकतं तर मी ऐकलं असतं, कदाचित एखादा प्रसंग वगळलाही असता.

तिसरी, खोटं कारण. ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे. बारा ते सोळा वयाची मुलं आहेत ती, त्यांना सगळं कळतं. प्रोजेक्टर चालू दिसल्यावर त्यांनी आपसात काय निष्कर्ष काढला असेल? की मोठी माणसं धर्माचा विषय आला की खोटं बोलतात आणि ते चालतं. हे त्यांनी कुठल्या कार्टूनमधून शिकलेलं नाही, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून शिकलंय. तुम्ही सरळ लिहिलं असतंत की काही पालकांचा आक्षेप आहे, आम्ही विचार करतोय, तोपर्यंत पुढे ढकललंय, तर मी एक शब्द लिहिला नसता.

चौथी, आणि हे लिहिताना मला त्रास होतोय कारण ज्यांनी परवानगी दिली ते माझ्या ओळखीचे आहेत. यंदाच्या गणेशोत्सवात आरतीच्या हॉलच्या दारात एक स्टॉल होता, अभिमंत्रित रुद्राक्ष आणि ब्रेसलेटं. बोर्डवर लिहिलं होतं की परीक्षेत यश, व्हिसाची अडचण दूर आणि शुगर नियंत्रणात. मी तिथे उभी राहून वाचलं, शुगर नियंत्रणात. विकणाऱ्याने माझ्यासमोर एका आजींना सांगितलं की हे घातलं की हळूहळू गोळ्या कमी होतील. त्या आजी इथे मुलाकडे आलेल्या, त्यांना इंग्रजी येत नाही, त्या मंडळाच्या हॉलमधल्या माणसावर विश्वास ठेवणारच, गणपतीच्या दारात उभा आहे म्हणजे आपलाच माणूस. मी त्याच दिवशी कमिटीतल्या एकांना सांगितलं, ते म्हणाले अगं स्पॉन्सर आहेत, सोड. आता तुम्हीच बघा, देवदूताच्या नावाने माल विकणाऱ्यांची गोष्ट मुलांना दाखवायला बंदी, आणि गणपतीच्या नावाने माल विकणाऱ्याला आरतीच्या दारातली जागा. एपिसोडने दुखावतात त्या भावना कुणाच्या हो? आजींच्या तर नाही. गणपतीच्याही नाही.

पाचवी लहान आहे. फोनवर असंही ऐकलं की सिम्पसन्स आपल्या लोकांना हसतो, तो त्यातला भारतीय दुकानदार अपू, त्याचे उच्चार. हा आक्षेप मला मान्य आहे, खरंच आहे तो. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या कॉमेडियनने २०१७ मध्ये त्यावर डॉक्युमेंटरी काढली, खूप वाद झाला, आणि २०२० मध्ये आवाज देणाऱ्या हँक अझारियाने अपूचं काम सोडलं. आपल्या मुलांना शाळेत त्या आवाजात चिडवलं गेलंय. मी त्यावर स्वतंत्र वर्ग घ्यायला तयार आहे, त्या विषयावर तर मुलं दोन तास बोलतील. पण तो आक्षेप खरा होता तर तो लेखी यायला हवा होता, तुम्ही तो नंतर जोडलात.

आपल्या परंपरेबद्दल एक सांगते आणि मग मागण्यांकडे येते. दोन वर्षांपूर्वी याच मंडळाच्या स्टेजवर आपल्याच मुलांनी गाडगेबाबा केले होते, हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि बोकड कापणाऱ्याला, नवस बोलणाऱ्याला प्रश्न विचारणारे गाडगेबाबा बघून तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात, माझ्या शेजारी बसलेल्या काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. तुकोबांनी भोंदू साधूंची सालं काढली, एकनाथांच्या भारुडात लोक हसत हसत स्वतःकडे बघायला शिकले. ढोंगाला हसणं हे आपल्याकडे कीर्तनातून, देवळाच्या मंडपात बसून झालंय, देवाला साक्ष ठेवून. आपली मुलं अमेरिकेत जन्मली, त्यांच्या कानावर भारूड लवकर पडत नाही, त्यांच्याकडे लिसा आहे. तिच्यापासून सुरुवात करून मला त्यांना भारुडापर्यंत आणायचं होतं, पुढच्या महिन्याचा वर्ग एकनाथांवरच ठेवलेला आहे, वेळापत्रकात बघा.

माझ्या मागण्या:

ग्रुपवर खरं कारण लिहा. कुणाचंही नाव न घेता, दोन ओळी, की प्रोजेक्टर ठीक होता, आक्षेप आला म्हणून कार्यक्रम थांबवला, आणि चुकीचं कारण दिलं त्याबद्दल दिलगीर आहोत. मुलांच्या वर्गात येऊन कमिटीतल्या एकाने हे तोंडी सांगितलं तर फार बरं होईल, मुलं ते लक्षात ठेवतील आणि तुमच्याबद्दलचा आदर वाढेलच, कमी होणार नाही.

कमिटीने आणि तक्रार करणाऱ्या पालकांनी मिळून एपिसोड बघावा. बावीस मिनिटं लागतात. त्यानंतरही दाखवू नये असं बहुमताने ठरलं तर मी ते मानेन, फक्त कारण लेखी द्या आणि एपिसोडमधला प्रसंग सांगून द्या.

दाखवायचं ठरलं तर पालकांना आधी कळवूया, ज्यांना मुलाला पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये, त्या मुलांसाठी शेजारच्या खोलीत दुसरा उपक्रम मी स्वतः आखून देईन. आणि ज्या पालकांना चर्चेत बसायचंय त्यांनी जरूर बसावं, आक्षेप असलेल्यांनी तर नक्कीच, त्यांचं म्हणणं मुलांसमोर मांडावं. मुलांनी आईवडिलांना शांतपणे वाद घालताना बघू दे.

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात आजार बरा होईल, परीक्षा पास होईल, व्हिसा मिळेल असा दावा करणारा माल विकायला परवानगी देऊ नका, तो स्पॉन्सर असला तरी. रुद्राक्ष विकायला माझी हरकत नाही, माझ्याही गळ्यात आहे. हरकत त्या बोर्डला आहे. आणि यंदा ज्यांनी त्या स्टॉलवरून शुगरसाठी काही घेतलंय त्यांना मंडळाने स्वतःहून कळवावं की डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध कमी करू नका. हे काम मात्र पुढच्या मीटिंगपर्यंत थांबू शकत नाही, आपल्याकडे ज्येष्ठांच्या ग्रुपचे नंबर आहेत, तुम्ही आज मेसेज टाकू शकता. त्या आजींच्या सुनेशी मी बोललेय पण बाकी कुणी घेतलं ते मला माहीत नाही.

आणि शेवटची, शाळेच्या उपक्रमांवर तक्रार आली तर काय करायचं याचा एक साधा नियम करा, तक्रार लेखी, शिक्षकाला बोलावून ऐकणं, आणि निर्णय कारणासकट ग्रुपवर. मी शाळेत बिनपगारी शिकवते, बाकीच्या ताईही तशाच, आम्हाला मानधन नको, एवढं द्या.

उत्तर पुढच्या मीटिंगच्या आधी लेखी द्यावं ही विनंती. एपिसोडची डीव्हीडी आणि मी काढलेले चर्चेचे प्रश्न शाळेच्या कपाटात वरच्या खणात ठेवलेत, किल्ली खजिनदारांकडे आहे. मेसेज ज्येष्ठांच्या ग्रुपवर कृपया आजच टाका.

तुमचीच,
मोठ्या मुलांच्या वर्गाची ताई